सावली हलली की

भडगावाहून जिनिंगकडं जायला दोन रस्ते.
एक डांबरी. त्यावर केळीचे ट्रक,
आधी उजेड डोळ्यांत, मग चाक कानाशी.
पायी चालणाऱ्यांनी तो आधी सोडला,
सायकलवाल्यांनी त्यांच्या मागोमाग.
दुसरी पाटाची वाट.
अडीच हात रुंद.
डावीकडं पाणी, उजवीकडं बाभळी
आणि काट्याकाट्याला गाड्यांवरून ओरबाडलेला कापूस.

पहिली पाळी सहाची. मी पाचला निघते.
पौषातली थंडी,
हँडल हातमोज्यातूनही चावतं.
आणि वाटेवर पुढं एक माणूस.
कडेनं नाही,
बरोब्बर मध्यावर,
कानटोपी, घोंगडी, हातात डबा,
जसं काही पाटबंधारे खात्यानं
त्याच्या मापानंच वाट काढली.

घंटी वाजवली.
पुन्हा वाजवली.
अंगठा बधिर होईतो वाजवली.
"बापाची वाट आहे का?"
हे मनात म्हणायचं होतं, तोंडातून गेलं,
आणि बाभळीकडच्या फटीत मी सायकल घातली.

हँडलनं त्याचं कोपर धरलं.
तो पडला नाही, मीही नाही.
डबा पडला, पाटात.
झाकण निघालं. भाकर जरा वेळ तरंगली,
वळणापर्यंत दिसत होती.

त्यानं कोपर चोळलं,
कानावर बोट ठेवलं.
"माले आयकू येत नही, माय.
चाळीस वरीस आरा चालवला."
तक्रार नव्हती त्यात.
पत्ता सांगावा तसं सांगितलं.

सुपडू मिस्तरी. पहाटे लाकडाची वखार उघडायला जातो.
मी माझ्या डब्यातली कळण्याची अर्धी भाकर दिली.
उभ्या उभ्या खाल्ली त्यानं.
म्हणाला, "मीठ कमी शे."

दुसऱ्या दिवशी घंटीला हात लावला नाही.
डायनामो चाकाला टेकवला.
त्याच्या पाठीवर उजेड पडला
आणि पायांपुढं त्याचीच सावली,
ताडासारखी, पार पुढच्या मोरीपर्यंत.
मी हँडल थोडं हलवलं.
सावली डुलली.
तो बाभळीकडं झाला,
मागं न बघता हात वर केला.
पाण्याकडची बाजू माझी.
मला पोहता येतं,
हे त्याला सांगायचं राहिलंय.

महिनाभर असंच.
एक शब्द नाही. सावली हलायची, हात वर व्हायचा.

मग माघ सरला.
साडेपाचलाच पूर्वेला फटफटू लागलं,
दिव्यात काही राहिलं नाही, सावली पडेना.
सवयीनं एकदा घंटी वाजवली
आणि माझी मलाच लाज वाटली.
उतरले.
पुढचं चाक हळूच त्याच्या शेजारी नेलं,
डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसेल इतकं.
त्यानं चाक बघितलं, आरे बघितले,
एक आरा सैल आहे, बोटानं दाखवलं.

आता मोरीपर्यंत चालतच जाते.
मुकादम वहीत लिहितो: चार मिनिटं उशीर.
लिहू दे.

परवा दुसरी पाळी होती.
रात्री पाटाची वाट चिखलानं बंद,
म्हणून डांबरीनं निघाले.
मागून ट्रक. हॉर्न असा, की दातांत वाजावा.
मागं वळून शिवी देणार होते.
तेवढ्यात समोर रस्त्यावर मी दिसले,
काळी, लांबच लांब, दोन चाकांवर,
हलत.

कडेच्या मुरमावर उतरले.
मागं न बघता हात वर केला.

ट्रक थांबला नाही, थांबायचं कारणही नव्हतं.
पण हॉर्न तिथंच तुटला,
चाकं जरा उजवीकडून गेली,
आणि पुढं जाऊन त्यानं
मागचा लाल दिवा
एकदा, उगाच,
लावून विझवला.